सर्दी झाली की अक्कलदाढ का ठणकते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, नोकरी पुण्यात. गेल्या दोन पावसाळ्यांत तीनदा तेच घडलं: सर्दी-खोकला सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालची उजवी अक्कलदाढ ठणकायला लागली. घास गिळताना त्याच बाजूला टोचतं, कानातही कळ जाते. लहानपणापासून थोडा दमा आहे, पंप चालू आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं, 'या दाढेमुळेच तुमचा घसा सारखा धरतो, काढून टाका.' दुसरे म्हणाले, 'सर्दीचा आणि दाढेचा काडीचा संबंध नाही.' दाढ काढली तर दमाही कमी होईल का, हा तुमचा प्रश्न. आणि दाढ काढली की नजर अधू होते, ही तुमच्या आईंची भीती.

मी तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो, सातारा भागात सव्वीस वर्षं झाली. जून लागला की असे पेशंट येतातच. रुमाल नाकाला आणि दुसरा हात गालाला. तुम्ही लिहिलेल्या क्रमातच बरंचसं उत्तर आहे. आधी सर्दी, मग दाढ. म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी गाडीमागे बैल जुंपला आणि दुसऱ्यांनी बैलच सोडून दिला.

आधी दाढ नेमकी कशी असते ते बघू. खालच्या जबड्यात शेवटच्या दाढेला जागा पुरत नाही, ती अर्धवट वर येते आणि तिच्या मागच्या भागावर हिरडीचा एक पदर तसाच राहतो. आम्ही त्याला फ्लॅप म्हणतो. पदर आणि दाढ यांच्यामध्ये एक खिसा तयार होतो. तिथे ब्रश पोचत नाही, जीभ पोचत नाही, हवाही फारशी पोचत नाही. हवा नको असलेल्या जंतूंना याहून चांगलं घर कुठलं? ते तिथे बारा महिने असतात, पण एरवी तुमची लाळ आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना आवरून धरते, म्हणून वर्षभर काही जाणवत नाही.

सर्दी होते तेव्हा हा तोल बिघडतो. नाक चोंदलं की माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेतो, तोंड कोरडं पडतं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये नाक सुकवणारं औषध असतं, ते लाळही सुकवतं. अंगात कसर असली की रात्री ब्रश करायचा राहून जातो. त्यात खोकल्यासाठी दिवसभर गालात गोड गोळी धरलेली असते, आणि बहुतेक वेळा दुखऱ्या बाजूलाच. शरीर विषाणूशी झुंजण्यात गुंतलेलं असतं. मग पदराखालचे जंतू डोकं वर काढतात, पदर सुजतो, आणि सुजलेल्या पदरावर वरची दाढ दर घासाला आपटते. आपटली की आणखी सूज, आणखी सुजलं की आणखी आपटणं. आमच्या पाठ्यपुस्तकांतही या दुखण्याला चिथावणाऱ्या गोष्टींत घशा-नाकाचा संसर्ग आणि मानसिक ताण या दोन्हींची नोंद आहे. ताणाचं म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा देणारी पोरं याच तक्रारीने येतात, तेव्हा सर्दीही नसते.

म्हणजे संबंध आहे. पण तुमच्या बाबतीत सर्दी दाढेला उठवते, दाढ सर्दीला बोलावत नाही.

आता घसा. तुम्हाला जो घसा धरल्यासारखा वाटतो, तो पहिले दोन दिवस खरंच सर्दीचा असतो, दोन्ही बाजूंनी खवखवणारा. चौथ्या दिवसापासून फक्त उजवीकडे टोचतं ते दुखणं वेगळं. अक्कलदाढेच्या मागेच टॉन्सिलची जागा आहे, दोघांच्या मध्ये जबडा मिटणारा एक स्नायू आहे. दाढेची सूज त्या स्नायूपर्यंत गेली की गिळताना टोचतं आणि तोंड उघडताना ताण बसतो. कानात कळ जाते कारण खालच्या दाढांना आणि कानाच्या पुढच्या भागाला जाणाऱ्या नसा एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत. मेंदूला कळ कुठून आली ते नीट उमजत नाही. कानात थेंब घालघालून शेवटी माझ्याकडे आलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत.

घरी एक गोष्ट करून बघा. आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं, तर्जनी-मधली-अनामिका, एकावर एक उभी करून पुढच्या दातांमध्ये घाला. तीनही गेली तर तोंड पुरेसं उघडतंय. दोनच जात असतील तर सूज स्नायूत उतरली आहे, डॉक्टर गाठायला हवा. एकच बोट कसंबसं जात असेल, म्हणजे जवळजवळ दातखीळ बसली असेल, तर त्याच दिवशी, मग तो रविवार का असेना. साध्या सर्दीत किंवा घसादुखीत तोंड उघडायला असा अडथळा येत नाही.

दाढ उठली की पहिला उपाय धुणं. आम्ही बोथट सुई लावलेल्या सिरिंजने पदराखाली सलाइन किंवा क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक सोडतो. गेल्या वर्षी कॉलेजातल्या एका मुलाचा पदर धुताना आधी पांढरट घाण आली, मग थोडा पू, आणि तिसऱ्या सिरिंजला टुणकन एक पेरूची बी ट्रेमध्ये पडली. पंधरा दिवसांपूर्वी पेरू खाल्ला होता म्हणे. तीन जणांकडून गोळ्या घेऊन झाल्या होत्या, तोंडात बघितलं कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, रात्रभर झोपलो म्हणून.

घरी कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरा, तीही त्या बाजूला खळखळवून. घशासाठी मान मागे टाकून करतात त्या गुळण्यांनी पाणी दाढेपर्यंत नीट पोचत नाही. लहान डोक्याचा मऊ ब्रश घेऊन दाढेच्या मागून हळू फिरवा, थोडं रक्त आलं तरी थांबू नका. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश आठवडाभर चालेल. ब्रश केल्यावर अर्ध्या तासाने वापरा आणि महिनोन्‌महिने ओढू नका, दात तपकिरी होतात. लवंगेचं तेल थेट हिरडीवर ओतू नका, हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरणारेही येतात, त्यांच्या हिरडीवर पांढरा पापुद्रा आलेला असतो. मिश्रीबद्दल वेगळं सांगायला नको. आणि गालावर बाहेरून शेक नको. आत पू असेल तर शेकाने तो बाहेरच्या कातडीकडे वाट काढू शकतो.

वेदनाशामकांबद्दल तुम्हाला जरा जपून सांगतो, कारण तुम्हाला दमा आहे. दातदुखीवर दुकानात सहज मिळणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन या गोळ्यांनी दम्याच्या काही रुग्णांना तासा-दोन तासांत धाप लागते. सगळ्यांना लागत नाही. तुम्ही या गोळ्या आधी विनात्रास घेतल्या असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. कधीच घेतल्या नसतील, किंवा नाकात मांस वाढल्याचं कुणी सांगितलं असेल, तर पॅरासिटामॉलवर भागवा आणि बाकीचं विचारून. दाढदुखी आणि श्वास यांचा रोजच्या व्यवहारातला खरा धोका मला विचाराल तर इथे आहे.

अँटिबायोटिकचं दुखणं वेगळंच. सर्दी विषाणूची, तिला अँटिबायोटिक लागत नाही. नुसता पदर सुजला असेल तर धुण्याने भागतं, त्यालाही लागत नाही. ताप आहे, तोंड उघडत नाही, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आल्या आहेत, सूज पसरतेय, तेव्हा लागतं. सहसा अमॉक्सिसिलिन किंवा मेट्रोनिडॅझोल, कधी दोन्ही. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू वर्ज्य. पण होतं असं की सर्दीसाठी तीन दिवस एक गोळी, दाढेसाठी दोन दिवस दुसरी, मग भावाकडची उरलेली तिसरी. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

तुमची दाढ खालची आहे. पण सर्दी आणि दात यांचा खरा गोंधळ वरच्या जबड्यात होतो, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो.

गालाच्या हाडात एक पोकळी असते, तिला आपण सरसकट सायनस म्हणतो. हायमोर नावाच्या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये तिचं वर्णन केलं, तेही एका बाईचा सुळा काढल्यावर तिथून पोकळी उघडी पडली त्या निमित्ताने. वरच्या मोठ्या दाढांची मुळं या पोकळीच्या तळाशी टेकलेली असतात, काहींच्या बाबतीत मध्ये नुसतं पातळ अस्तर. त्यामुळे ये-जा दोन्हीकडून चालते. सर्दीने सायनस भरला की वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, लांब झाल्यासारख्या वाटतात. चप्पल घालायला वाकलं किंवा जिना धडधड उतरलं की कळ वाढते. थंड पाण्याने मात्र विशेष काही होत नाही. अशा पेशंटची दाढ मी काढत नाही. त्यांनी हट्ट धरला तरी नाही. आठ-दहा दिवसांत नाक मोकळं झालं की दाढा आपोआप गप्प बसतात.

उलटी वाट अशी. एक निवृत्त शिक्षक, साठीचे, दीड वर्ष डाव्या नाकपुडीतून घाण वासाचा स्राव. त्यांच्या शब्दांत, 'माझा वास मलाच सहन होत नाही, नातवंडं जवळ येईनात.' वाफ झाली, फवारे झाले, अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले. प्रत्येक वेळी पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सीटी काढला आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं. वरची डावी अक्कलदाढ मागे गालाच्या आडोशाला, किडून पोकळ झालेली, दुखत अजिबात नव्हती. आरसा तिरका धरल्याशिवाय दिसलीही नसती. तिचं मूळ सायनसच्या आत सडत होतं. दाढ काढली, सायनसचं काम त्या डॉक्टरांनी केलं, आणि वास गेला. तेव्हापासून दोनच गोष्टी विचारतो: एका बाजूला की दोन्ही? आणि वास येतो का? साधी सर्दी दोन्ही नाकपुड्यांची असते. एकाच बाजूचा, वासाचा, औषधाने थांबून परत येणारा सायनस असेल तर वरच्या दाढा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२०२१ च्या उन्हाळ्यात याच पोकळीने आम्हाला फार वाईट दिवस दाखवले. कोविड होऊन गेलेले, साखर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेली माणसं दात हलतायत म्हणून यायची. वरचे चार-चार दात एकदम हलायचे आणि टाळू काळपट पडलेला असायचा. ती काळी बुरशी होती, म्युकर. सायनसमधून खाली जबड्यात उतरलेली. मे महिन्यात केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं, तोवर इथल्या बऱ्याच दंतवैद्यांनी असे रुग्ण पाहिले होते. म्हणून मधुमेही माणसाला सर्दीनंतर वरचे दात अचानक हलू लागले, गाल बधिर झाला, तर 'हिरड्या कमजोर झाल्या असतील' म्हणून थांबायचं नाही.

दाढेकडून श्वासाला थेट धोका होतो तो खालच्या जबड्यातून. क्वचित होतो. पण झाला तर वेळ तासांत मोजावी लागते. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या रेषेपेक्षा खोल असतात, त्यामुळे तिथला पू सरळ हनुवटीखाली आणि मानेत उतरतो. दोन्ही बाजूंना पसरला, जिभेखाली भरला, की जीभ वर आणि मागे ढकलली जाते. १८३६ मध्ये लुडविग या जर्मन वैद्याने याचं वर्णन केलं, म्हणून लुडविग्ज अँजायना. नावात अँजायना असलं तरी हृदयाशी संबंध नाही, तो गुदमरण्यासाठीचा जुना शब्द आहे.

एक ऊसतोड करणारा तिशीचा माणूस रात्री साडेअकराला ट्रॅक्टरवरून आला होता. बसलेला, पुढे वाकलेला, हनुवटी बाहेर काढून. लाळ टॉवेलवर गळत होती. त्याला आडवं व्हायला सांगितलं तर त्याने हाताने नाही म्हटलं. हनुवटीखाली बोट दाबलं तर लाकडासारखं घट्ट. पाच दिवस दाढ दुखत होती, त्याला सर्दीही होती, त्यामुळे घसा सुजलाय असं सगळे समजत राहिले आणि एका दुकानातून दर दिवशी चार गोळ्यांची पुडी येत राहिली. मी त्याला खुर्चीवर घेतलंच नाही. तसाच बसवून मोठ्या रुग्णालयात नेला, तिथे आधी गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट केली, मग पू काढला आणि दाढ. वाचला. आवाज घोगरा झाला, गिळता येईना, लाळ गळायला लागली, जीभ वर आल्यासारखी वाटली, आडवं झाल्यावर जीव घाबरला, यातलं काहीही झालं तर दातांचा दवाखाना शोधत बसू नका. भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह असलेलं रुग्णालय गाठा.

फुप्फुसाचं म्हणाल तर तोंडातले जंतू झोपेत थोड्या लाळेबरोबर श्वासनलिकेत जातातच, धडधाकट माणूस ते खोकून टाकतो. अंथरुणाला खिळलेल्या, गिळताना ठसका लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत त्यातून न्यूमोनिया होतो. जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे ज्यांचे दात मदतनीस नेमाने घासून देत होते त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांपैकी १९ टक्क्यांना. घरात आजी-आजोबा अंथरुणावर असतील तर हा आकडा त्यांच्यासाठी आहे. २६ वर्षांच्या माणसाच्या एका दाढेमुळे न्यूमोनिया होईल अशी भीती मी घालणार नाही.

मग दाढ काढायची का? तुमची काढा, असं मी म्हणेन. दोन पावसाळ्यांत तीनदा उठली, म्हणजे चौथ्यांदा उठणार. पण 'आहे म्हणून काढा' या मताचा मी नाही. ब्रिटनमध्ये २००० सालापासून त्रास नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा सरसकट काढू नयेत अशी सूचना आहे, ती मला पटते. आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून घ्या. मुळं जबड्यातल्या नसेला खेटून असतील तर ओठ-हनुवटी काही काळ, क्वचित कायमची बधिर राहू शकते. ते सर्जनने तुम्हाला आधी फिल्म दाखवून समजावलं पाहिजे, तुम्हीही विचारलं पाहिजे. कधी कधी वरची दाढ नुसती घासून बोथट केली किंवा काढली तरी खालचा पदर शांत होतो. वरची दाढ तशीही निकामी असेल तर मी आधी तेच करतो.

वेळ मात्र नीट निवडा. सर्दी भरात असताना नाही. खुर्चीत मागे झोपल्यावर नाकातला कफ घशात उतरतो, ठसका लागतो, आणि ड्रिल हातात असताना पेशंट खोकला की माझाच जीव वर-खाली होतो. शिवाय दाढ काढल्यावर तासभर तोंडात गॉज दाबून बसायचं असतं. नाक बंद आणि तोंडात बोळा, मग श्वास कुठून घेणार? पूर्ण भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञ बहुतेक दोन ते चार आठवडे थांबायला सांगतील, दम्यामुळे तुमच्या बाबतीत ते जास्त काटेकोर राहतील. पंप त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे घ्यायचा आणि सोबत आणायचा. घरी विसरून येणाऱ्यांना मी परत पाठवतो. पुढे कधी वरची दाढ काढलीत तर दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायची. नाक-तोंड दाबून शिंकलं की दाबाने सायनस आणि तोंड यांच्यात भोक पडू शकतं. मग चहा पिताना तो नाकातून येतो.

दाढ काढल्याने दमा कमी होणार नाही. फार तर पावसाळ्यातला उजव्या बाजूचा त्रास जाईल. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकत नसाल तर ती सवय आजपासून लावा, नाहीतर जिभेवर आणि टाळूवर पांढरी बुरशी चढते आणि तीही 'घसा धरला' म्हणूनच खपते.

आईंना सांगा, डोळ्याची नस वेगळी आणि दाढेची वेगळी. गेल्या सव्वीस वर्षांत माझ्याकडे दाढ काढून कुणाची नजर गेलेली नाही. तरी त्यांना यायचं असेल तर जरूर आणा. भूल उतरेपर्यंत तुम्हाला गाडी चालवू न देणारं कुणीतरी सोबत लागतंच.